दातांत धरलेला मुखवटा

“अगं, याला मागून नाडी लाव. बटण दातांत धरल्यावर बाई बोंब कशी मारेल?” मुखवटे बनवणाऱ्या म्हाताऱ्या झुआनाने भाचीला बजावलं होतं. भाची हसली. “मावशी, एवढी नटलेली बाई बोंब मारेलच कशाला?”

मीही मनात हसलो. मित्रांनो, व्हेनिसला तिच्या दुकानात टांगलेला, काळ्या मखमलीचा गोल मुखवटा तो मीच. आता फार जुना झालो आहे, पण ते हसणं मला अजून सलतं.

मला ओर्सेताबाईंनी घेतलं. वय बावीस, पदरात तीन वर्षांची बेत्तिना. बाजारातल्या एका काचेआड फ्रान्सची बाहुली दरवर्षी नवा पोशाख घालून उभी राही आणि गावच्या बायका तिच्यासारख्या नटत. त्या वर्षी कमरेच्या दोन्ही बाजूंना वेताचे सांगाडे आणि वर रेशमी घागरा, इतका रुंद की दारातून आडवं होऊन जावं लागे. चेहऱ्यावर मी. नाडी नाहीच, माझ्या आतलं बटण दातांत घट्ट धरलेलं. मी असलो की बाईला बोलता येत नसे, आणि लोकांना तेच आवडे. “काय ते मौन!” हे ऐकून मी फुगून जाई.

उत्सवाच्या दुपारी कालव्याकाठी ही गर्दी! आयाबाईचा हात सोडून बेत्तिना शेवाळलेल्या पायऱ्यांकडे निघाली. ओर्सेताबाईंना ते दिसलं, पण घागऱ्यामुळे गर्दीतून वाट निघेना. हाक मारायची तर तोंड उघडायला हवं. मग मी पडणार, चारचौघांत चेहरा उघडा पडणार. खरं सांगतो, मलाही चिखलात पडायचं नव्हतं. त्यांनी रुमाल हलवला, जोरजोरात.

मुखवट्याआडून रुमाल हलला की आमच्या गावात त्याचा अर्थ एकच. समोरचा एक तरुण ऐटीत झुकला. “बघ, मला बोलावतेय!”

“तुला? आरशात बघ आधी,” मित्राने टोला हाणला.

तेवढ्यात ‘डुबुक्’ झालं. ओर्सेताबाई किंचाळल्या, तेव्हा कुठे मी खाली पडलो.

नावाड्याने पोरीला वर काढलं. “बाईसाहेब, जरा आधी ओरडायचंत की!” तो धापा टाकत म्हणाला.

बेत्तिना वाचली. पण छातीत शिरलेला खोकला काही गेला नाही. मोठी झाल्यावरही जिना चढताना ती मध्येच थांबे. ओर्सेताबाईंनी मला पुन्हा कधी लावलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. पुढे बाहुली उघड्या चेहऱ्याने आली, सांगाडे माळ्यावर गेले. “सुटलो गं बाई!” शेजारणी म्हणाल्या. मी मात्र सुटलो नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. हौसेने नटा, मिरवा. फक्त एक सांगा, तुमचं धाकटं भावंड आत्ता कुठे आहे? बराच वेळ त्याचा आवाज आलेला नाही ना? मग पुस्तक राहू द्या. आधी उठा आणि बघून या.