निरीक्षणात लिहिलेली आई

मी प्रयोगवही बोलतेय, इयत्ता दहावीची. एक पान रेघांचं, एक कोरं, वर खाकी कव्हर आणि त्यावर झेंडूच्या रसाचा डाग. ओळख एवढीच पुरे. खरं तर मी बोलूच नये, कारण सांगण्यासारखं जे आहे त्यात माझीच मान खाली जाते. पण पोटात ठेवून ठेवून पानं पिवळी पडायला लागली, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा मी अमरावतीच्या एका स्टेशनरीच्या दुकानात, चाळीस बहिणींच्या गठ्ठ्यात सुतळीनं आवळलेली होते. मैनाबाईंनी मला निवडलं. वरची वही धूळ खाल्लेली असते म्हणत त्यांनी खालून तिसरी ओढली, ती मी. मेथीची जुडी पाहावी तशी मला उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे बरी हाय. पोरीचं अक्षर शोभन हिच्यावर." चाळीस जणींतून निवड झाली म्हटल्यावर मी फुगले. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मैनाबाई आणि किसनराव भातकुलीजवळच्या आपल्या वावरात झेंडू-शेवंती पिकवत आणि पहाटेच फुलांची पोती घेऊन अमरावतीच्या बाजारात जात. त्यांची एकुलती लेक आकांक्षा गावच्या शाळेत दहावीला होती. तिचं अक्षर खरंच मोत्यासारखं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं जिथल्या तिथे. कोऱ्या पानावर चंचुपात्राची आकृती काढायची तर ती पेन्सिलीला तीनदा टोक काढी. बाकीच्या वह्यांत तेलाचे डाग, खाडाखोड. शिक्षकांच्या टेबलावर गठ्ठा लागला की मी त्या बिचाऱ्यांकडे नाक वर करून पाही.

जानेवारीतली एक सकाळ. तोवर झालेले प्रयोग वहीत दाखवायचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. आई-बाबा बाजारात, बाबांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला, आणि आकांक्षा माझ्यावर ओणवी होऊन आकृती काढत होती. फोन वाजला. तिनं मान वर करून पाहिलं, आईचं नाव होतं. "थांब ना माय, रेघ बिघडते," असं पुटपुटून ती परत खाली वाकली. फोन पुन्हा वाजला, तेव्हा तिनं पाहिलंही नाही.

आणि मी काय करत होते? मला बरं वाटत होतं. आईच्या फोनापेक्षा मी मोठी ठरले होते ना! आज तो क्षण आठवला की वाटतं, बंबात घालावं मला कुणीतरी.

दोन तासांनी मैनाबाईंना घरी आणलं ते चौघांनी उचलून. बाजारात छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही त्या पोचल्या नाहीत. घर माणसांनी भरलं. त्या गर्दीत आकांक्षानं बाबांचा फोन हळूच उचलला आणि त्यातले न घेतलेले ते दोन्ही कॉल पुसून टाकले. कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

पोर त्यानंतर बोलेनाशी झाली. जीव घाबरला म्हणून आईनं फोन केला असणार, आपण उचलला असता तर कुणाला तरी मदतीला धाडता आलं असतं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. किसनरावही बोलत नसत. बाप-लेक एकाच छपराखाली दोन परक्या गावचे पाहुणे असल्यासारखे राहत.

पंधरा दिवसांनी ती शाळेत गेली. मोरचुदाचे स्फटिक करायचा प्रयोग होता. घरी येऊन तिनं मला उघडलं, कृती लिहिली, आणि निरीक्षणापाशी तिचा पेन थांबला. मग तिनं लिहिलं. ओळी तोडल्या नव्हत्या, सलग लिहिलं, पण मला कळत होतं की हे निरीक्षण नाही, ही कविता आहे:

*गरम पाण्यात मोरचूद टाकत गेले, तो विरत गेला. मग एक चमचा असा आला की विरेना. आई, घंटी दोनदा वाजली आणि मी रेघ ओढत राहिले. तेव्हापासून माझ्यात काहीच विरत नाही, सगळं तळाशी बसून आहे. सर म्हणाले, भांडं हलवू नका, दोऱ्यावर निळा खडा धरेल. मी हलत नाही, आई. मी आत दोरा सोडून बसले आहे.*

आता माझा कोतेपणा ऐका. मला राग आला. माझ्या नीटनेटक्या पानात हे काय? सर रागावतील, शेरा मारतील, गठ्ठ्यातल्या वह्या हसतील. एका आईवेगळ्या पोरीनं आपलं सगळं माझ्या पुढ्यात मांडलं, आणि मला माझ्या अब्रूची पडली होती.

सरांनी काही वाचलंच नाही. लाल पेनानं बरोबरची खूण, सही, तारीख, पुढचं पान. कवितेवरची ती खूण बघून आकांक्षानं मला मिटून ठेवलं. मला मात्र हायसं वाटलं होतं, हेही कबूल करते.

दहावी सुटली. पुढच्या वर्षी अकोल्याहून मावशीचा निरोप आला. मावशी म्हणजे सुभद्रा, मैनाबाईंची धाकटी बहीण. तिची प्रतीक्षा आता दहावीत होती. "तुझी वही पाठव, प्रतीक्षा उतरवून घेते." वही उतरवून घेणं ही आमच्या जातीची रीतच आहे. दरवर्षी तेच प्रयोग, तीच उत्तरं. मागचा लिहितो, पुढचा उतरवतो, वाचत कुणीच नाही. आकांक्षानं मला पिशवीत घालून दिलं. ते पान तिला आठवलं नाही की आठवूनही फाडवलं नाही, देव जाणे.

प्रतीक्षा पोर मनानं चांगली, पण उरक भारी. एका हातानं फोनवर गाणी लावायची आणि दुसऱ्या हातानं माझ्यातलं तिच्या वहीत ओतायची. मोरचुदाचा प्रयोग आला. तिनं उद्देश उतरवला, कृती उतरवली, निरीक्षणही उतरवलं. "आई, घंटी दोनदा वाजली" हे लिहितानाही तिचा हात अडला नाही. मी आतून ओरडत होते, अगं वाच! वहीचं ओरडणं कोण ऐकतं. मग तिच्यावरून वर्गातल्या आणखी पाच जणींनी उतरवलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी तिच्या दप्तरातच होते. दुसऱ्या शाळेतून आलेल्या परीक्षक बाईंना वाचायची सवय होती. त्यांनी सहा वह्या बाजूला काढल्या, सहा जणींना उभं केलं आणि विचारलं, "काय गं, तुम्हा सहाही जणींच्या आयांनी दोनदाच फोन केला होता का?"

सगळा वर्ग खो-खो हसला. बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चार ओळींनंतर हसू थांबलं. शेवटची ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली आणि विचारलं, "हे मूळचं कुणाचं आहे?"

प्रतीक्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण आपल्याच मावशीचं मरण उतरवून घेतलं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे तिला तेव्हा कळलं. "माह्या ताईचं हाय," एवढंच ती बोलली आणि बाकावर डोकं टेकून रडायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी मायलेकी मला घेऊन भातकुलीला आल्या. किसनराव ओसरीवर शेवंती निवडत बसले होते, आकांक्षा शेजारी. प्रतीक्षानं मला पुढ्यात ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. आकांक्षानं झडप घालून मला उचललं. इतक्या जोरात छातीशी धरलं की माझी शिवण तुटली.

"काय लिवलं हाय त्याच्यात?" किसनरावांनी विचारलं.

"काई नाई, बाबा."

"प्रतीक्षा, तू वाच."

आकांक्षानं मला सोडलं. प्रतीक्षानं वाचलं, या वेळी एकेक शब्द वाचला. मला वाटलं, आता या पोरीला बाप काय म्हणतो आणि मला कुठे भिरकावतो.

किसनरावांच्या हातात एक फूल तसंच राहिलं होतं. "तू थे कॉल पुसले, मले मालूम हाय," ते म्हणाले. "तिच्या फोनात होते ना दोन्ही."

"मंग बोलले काहून नाई?" आकांक्षा कशीबशी म्हणाली.

"मले वाटे तूच माह्यावर रुसली. बापानं टायमावर दवाखान्यात नाई नेलं म्हून. कोन्त्या तोंडानं बोलू?" त्यांनी डोळे पुसले. "ऐक. फोन लावला तवा मी तिच्या बाजूलेच होतो. तिले कळ-बिळ काई नव्हती. चुलीच्या निखाऱ्यावर दूध ठेवून आली होती, थे उतरव म्हून सांगाचं होतं."

"उतू गेलं होतं," आकांक्षा म्हणाली. "म्या पुसून घेतलं."

"तू नाई उचलला तं हासली थे. म्हने, पोरगी लिहून राहिली असन. लिहू द्या. दूध काय, उतू गेलं तं पुसता येते. कळ आली थे अर्ध्या घंट्यानं."

आकांक्षा बापाच्या मांडीवर कोसळली. दीड वीत अंतर ओलांडायला त्या दोघांना वर्ष लागलं होतं. मावशी पदर तोंडाला लावून उभी होती, प्रतीक्षा खाली मान घालून. कुणीच कुणाला गप्प केलं नाही.

हल्ली मी त्यांच्या घरातल्या फळीवर असते, तुटक्या शिवणीची, कुणाच्या मार्कांच्या उपयोगाची नाही. आकांक्षा बारावीला गेली. माझी उरलेली कोरी पानं ती भरते. त्यात गुरुत्वाकर्षण असतं, पेशी असतात, मधेच फुलांची पोती असतात. आकृत्या आता तितक्या सुबक नसतात आणि मी नाक मुरडत नाही. मुलांनो, दुसऱ्याची वही खुशाल उतरवा, तुम्ही काही थांबणार नाही. पण उतरवण्याआधी एकदा वाचा. आणि फोन वाजला तर वहीला बाजूला सारा. तिला राग आला तर येऊ द्या.

माझी लाज गेली का? नाही. पण त्या रविवारी मावशी आणि प्रतीक्षा जेवायला आत गेल्यावर किसनराव पेन घेऊन आले आणि लेकीला म्हणाले, "तुह्यं निरीक्षण अर्धंच हाय. मी पाह्यलं थे बी लिव." सरांच्या लाल खुणेच्या खाली तिनं बाबांच्या सांगण्यावरून, माझ्या देहावरच्या सगळ्यात वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: दूध उतू गेलं. आई हसली.