आधी मसूर, मग पाणी

मी एक जुना टोप आहे मित्रांनो, अ‍ॅल्युमिनियमचा, जाडजूड, दोन कानांचा, आणि परवा जे झालं ते तुम्हाला कधी एकदा सांगतो असं झालंय मला.

पण आधी थोडं मागचं. कारखान्यात एका गोल पत्र्याला साच्यावर दाबलं आणि झालो मी. दुकानात आमच्या घरच्या आईने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा चालेल." तेव्हापासून दर रविवारी माझ्यात सूप शिजतं. राजमा, चवळी, मसूर, कांदा, लसूण, गाजर आणि शेवटी टोमॅटो. शेवटीच हं, आधी घातला तर राजमा हट्टाला पेटतो, शिजतच नाही. सगळे ओरपत बसले की कौतुक सूपचं होतं, मी त्यातलं थोडं स्वतःचं धरतो.

मग एकदा आई फोनवर बोलत राहिली आणि मी रिकामाच तापत राहिलो. बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. आईने कोणाला सांगितलं नाही. ती आपली आधी मसूर घालायची, जेमतेम पाण्यात शिजवून दाट लगदा करायची आणि बुडाशी थापायची. लगदा भोकात जाऊन बसला की मग बाकीचं पाणी. पुढे पुढे तिथे काळा थरच धरला. मी दिसायला भूत झालो, पण गळत नव्हतो.

आणि मग आईचा पाय मोडला. ती दवाखान्यात, मी फळीवर. सोबतीला समोरचा नळ, टिप टिप गळणारा. हो, आमच्या घरचा नळ गळायचा. बाबा प्लंबर आहेत ना, गावभरचे नळ दुरुस्त करतात.

परवा आई घरी यायची होती. फोनवर तिने एकच मागितलं, "इथलं पाणचट खाऊन तोंडाची चव गेली माझ्या. माझ्या टोपातलं सूप करून ठेवा."

राजमा-चवळी आदल्या रात्रीच भिजत पडली. सकाळी बाबांनी मला खाली काढलं आणि तारेच्या घासणीने असं घासलं, असं घासलं, की मी नवरदेवासारखा चमकायला लागलो. मी पण मूर्ख, खूश झालो.

बाबांनी पाणी ओतलं, राजमा घातला, गॅस पेटवला. थेंब पडला. फुस्स. आणखी एक थेंब, ज्योत गेली. सवयीने बाबांचा हात पाणी बंद करायचा मेन कॉक शोधायला लागला.

"बाबा, टोप गळतोय," चिमी म्हणाली. चिमी म्हणजे आमची धाकटी.

"दिसतंय मला. जा, माझ्या पिशवीतलं गळती बुजवायचं सील आण."

"बाबा, त्यातलं खायचंय आपल्याला."

"मग दुसऱ्या टोपात करू. तिला काय कळतंय."

"आईला? तिला झाकण बदललेलं पण कळतं."

बाबा मला रिकामा करून पिशवीत कोंबायला निघाले, भंगारात द्यायला. माझे दोन्ही कान गार पडले. तेवढ्यात चिमी म्हणाली, "पण आई आधी मसूर घालते. घट्ट. आणि मग चमच्याने बुडाला थोपटते, बाळाला थोपटतात तसं."

बाबांनी मला उजेडाकडे धरलं. भोकातून चिमीचा डोळा दिसला. मग राजमा-चवळी कुकरमध्ये गेली आणि मसूर माझ्यात. लगदा झाला, चिमीने थोपटला, बाबांनी वाटीभर पाणी घालून पाहिलं. थेंब नाही. मग तांब्याभर. तरी नाही. बाकी सगळं आत पडलं, मी रटरटायला लागलो, आणि दारात कुबडीचा आवाज आला.

आईने पहिला घोट घेतला, डोळे मिटले. मग मला निरखून म्हणाली, "घासलंत वाटतं याला?"

"भोक आहे हे सांगायचंस तरी," बाबा म्हणाले.

"सांगून काय होणार होतं? नळाचं सांगून वर्ष झालं."

चिमीच्या नाकातून सूप आलं. बाबांनी वाडगा खाली ठेवला, पाना उचलला आणि आईचं जेवण व्हायच्या आत नळाचं गळणं बंद झालं. आता टिप टिप नसल्याने फळीवर जरा सुनंसुनं वाटतं खरं, पण रविवारी मी फळीवर नसतोच.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा काळा टोप असेल. घासा त्याला, अंघोळ कोणाला नको असते. फक्त त्याच्यात रोज रांधणाऱ्या माणसाला आधी विचारा, याला कुठे दुखतं.