वकिलाच्या पोटातल्या कोया

खुशालराव वकिलाचे मागचे दोन्ही पाय धरून उभे होते. वकील म्हणजे त्यांचा कुत्रा. तो भुंकताना समोरच्याला बोलू देत नसे, म्हणून हे नाव. दोन दिवसांपासून मात्र त्याने तोंड उघडलं नव्हतं. शेवटी तेल्हाऱ्याहून रिक्षा करून त्याला अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं होतं.

डॉक्टर दामिनीबाईंनी त्याचं पोट चाचपलं.

"टणक काहीतरी अडकलंय. आंब्याची कोय वगैरे?"

"आमच्या घरी आंबाच येत नाई मॅडम," सून साधना म्हणाली. "मामाजीले शुगर हाय. यंदा सगळ्याइनंच सोडला. फाटक मीच उघडं ठेवलं असन, भाईर काही खाल्लं असन त्यानं." तिचे डोळे भरले.

खुशालराव वकिलाच्या शेपटीकडे पाहू लागले.

"उलटी झाली?"

"नाई," साधनाच म्हणाली.

काल सकाळी न्हाणीमागे झाली होती. तिच्यात पिवळे धागे होते. खुशालरावांनी चपलेनेच वर माती लोटली होती.

"उलटी, जेवण बंद, पोट ताठ, शी नाही. यातलं एक दिसलं तरी त्याच दिवशी आणायचं, काका. आता कापावं लागेल. कोय एक्स-रेत धड दिसत नाही. किती गिळल्या ते कळायला हवं होतं. एखादी आत राहिली, तर पुन्हा टेबलावर घेणं याला झेपणार नाही."

वकिलाने मान वळवून खुशालरावांच्या मनगटावर जीभ फिरवली. अजूनही त्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर साधना नाक ओढत राहिली.

"माह्यामुळंच झालं मामाजी."

खुशालरावांनी उठून दार ठोठावलं.

"तीन," ते फटीतून म्हणाले. "गावरानी. मीच खाल्ले, अन् कोया याले देल्या. घरात दिसू नाई म्हणून. उलटीबी झाली होती. काल."

मागे नाक ओढणं थांबलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दीड तासाने दामिनीबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"वाचला. पण चार निघाल्या, काका."

"तीनच. वकिलाची शप्पथ."

"मोजा."

त्यांनी दोनदा मोजल्या. चारच होत्या. मग त्यांनी आधारासाठी सुनेकडे पाहिलं.

साधना भिंतीवरचा शेळ्यांच्या लसींचा तक्ता वाचत होती. त्यांच्या घरी शेळी नव्हती.