अबोला धरलेली जोडी

मी बोलतोय, पण उत्तराची घाई नको. माझं बोलणं म्हणजे माझा उजेड, आणि तो तुमच्या दारी पोचेपर्यंत कित्येक पिढ्या होऊन जातात. मी श्वेतबटू. हे नाव तुम्हीच ठेवलंत. बटू कसला हो? आकाराने पृथ्वीएवढा असेन, पण वजनाला तुमच्या सूर्याच्या तोडीचा आहे. एके काळी तारा म्हणून मनसोक्त जळलो, मग विझत विझत एवढा उरलो.

एकटा मात्र नाही. शेजारी माझी लाल सखी आहे, एक लहानसा मंद तारा. तिच्या अंगावरचा वायू माझ्याकडे ओढला जातो. माझं चुंबकत्व इतकं जबर, की तो इकडेतिकडे न भटकता थेट माझ्या ध्रुवावर कोसळतो, तापतो, आणि त्यातून क्ष-किरण निघतात. आमच्या संसाराचा आवाज म्हणा ना. पण मधेच ती हात आखडता घेते. का, ते मलाही धड कळलेलं नाही. मग आम्ही दोघं गप्प.

माझा उजेड जातो तिथे मीही थोडा जातो, स्वप्नात जावं तसा. असाच एका खोलीत पोचलो. दोन टेबलं, कुरकुरणारा पंखा, खिडकीत धुऊन पालथा घातलेला डबा. क्ष-किरणांची दुर्बीण सगळं आकाश चाळायची, आणि इथली एक मुलगी त्यातून आमच्यासारख्या जोड्या निवडायची. आपल्या शेजारात अशा जोड्या एकूण किती, एवढाच तिचा प्रश्न. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिला सापडलेला पहिला मी, म्हणून मला ती ‘थोरले’ म्हणायची. मला ते फार आवडायचं.

आकाश पुन्हा चाळलं तेव्हा मी दिसलोच नाही.

“हा काढून टाक,” तिच्या मॅडम म्हणाल्या. “आधी चूक झाली असणार.”

मी खोटा ठरलो तर तिची निवडच खोटी ठरणार होती.

“अबोला असेल, मॅडम.”

“काय असेल?”

“आमच्या आई-बाबांचा अबोला असला, की दारात आलेल्याला वाटतं घरात कोणी नाही. म्हणून काय घर रिकामं असतं?”

मॅडमना हसू आलं. “पुरावा आण. नाहीतर सगळी शांतता जमेस धरशील आणि आकडा उगाच फुगेल.”

तिने साध्या उजेडाच्या दुर्बिणीवर वेळ मागून घेतला. ते दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. शेवटी पडद्यावर एक रेघ उमटली, सखीच्या मंद उजेडाची, ठरावीक तालात वरखाली होणारी. माझ्या ओढीने ती ताणली गेलीय, म्हणून फिरताना कधी जास्त उजळ दिसते, कधी कमी.

“फिरतायत,” ती हळूच म्हणाली. “गप्प आहेत, पण एकमेकांभोवती फिरतायत.”

मॅडमनी चष्मा पुसून ती रेघ पुन्हा पाहिली. “मग बाकीच्या गप्प जोड्यांसाठीही जागा ठेवायला हवी. आकडा वाढव.”

मोजलंत, बरं वाटलं. आता निरोप घेतो. सखी अजून बोललेली नाही. पुढेही कधी मोजाल तेव्हा गप्प बसलेल्यांना वगळू नका. आमच्या फिरण्यात माझी एकच बाजू कायम तिच्याकडे असते. एवढा अबोला झाला, पण मी तिच्याकडे कधी पाठ केली नाही.