सही माझ्या पाठीवर झाली

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणाऱ्याला मी जुनं पायपुसणंच वाटतो. वाटू दे. मी बेसबॉलच्या कॅचरचा, म्हणजे बॅट्समनच्या मागे खाली बसून बॉल झेलणाऱ्याचा, ग्लोव्ह आहे आणि वयाने तुमच्यातल्या कित्येकांच्या आईबाबांएवढा आहे. अंगभर सुरकुत्या, दोन जागी ठिगळं, पाठीवर शाईचा एक डाग. आणि स्वभावाला एक खोड: नको तितक्या चौकशा. जे दिसेल त्यात मला 'असं का?' हा प्रश्न पडतो. तो कोणाला विचारता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

माझा जन्म अमेरिकेत, मिसुरीतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नेब्रास्कातल्या एका लहान गावी, रोली वोंड्राकच्या हातात आलो. तेव्हा मी इतका ताठ होतो की मिटतच नव्हतो. रोलीने मला तेल चोळलं, पोटात बॉल घातला, कमरेच्या पट्ट्याने करकचून बांधलं आणि आठवडाभर गादीखाली ठेवलं. तो वरून कूस बदलायचा आणि मी खाली चेपला जायचो. पण त्यानंतर बॉल पोटात आला की असा ठप्प आवाज निघायचा, की मैदानाबाहेर बायका वळून बघायच्या. लोक रोलीचं कौतुक करायचे. त्यातलं थोडं मी माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

रोली अठराचा झाला तेव्हा एका कॉलेजने त्याला आपल्या संघात घ्यायचं कबूल केलं होतं. फी सुद्धा तेच भरणार होते. अट एकच: पोरगा हौशी खेळाडू असला पाहिजे, धंदेवाईक नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शहरातल्या एका धंदेवाईक संघाने निवड चाचणी ठेवली. आपण किती पाण्यात आहोत ते बघावं म्हणून रोली गेला. नुसती चाचणी द्यायला कॉलेजची हरकत नव्हती. तो स्वतःच्या गाडीने, घरचं सँडविच बांधून गेला. कोणाचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

दुपारी त्या संघाच्या कॅचरचा अंगठा मोडला आणि संध्याकाळी सामना होता. मॅनेजरने रोलीला विचारलं, आजच्या दिवस उभा राहतोस का? रोलीने स्वच्छ सांगितलं की मी एक पैसा घेणार नाही. मॅनेजर म्हणाला, नको घेऊस बाबा, पण विम्यासाठी इथे सही लागते. जवळ टेबल नव्हतं. रोलीने कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि सही केली. डाग त्याच पेनाचा.

पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण हौशीच, असं त्याला वाटलं. पण तो कागद एका दिवसाचा करार होता, आणि करार केला की खेळाडू धंदेवाईक ठरतो. ऑगस्टमध्ये कॉलेजचं पत्र आलं, येऊ नकोस म्हणून. रोलीने ते गॅरेजमध्ये उभ्यानेच वाचलं, खिशात घातलं आणि घरात जाऊन सांगितलं की गुडघ्याने दगा दिला, आता कॅचरसारखं खाली बसता येत नाही. मला रंगाच्या डब्यांमागे टाकलं. तिथे मला उंदरांनी कुरतडलं. ठिगळं त्याची.

पुढे रोली धान्याच्या कोठारावर कामाला लागला. कधीमधी गॅरेजमध्ये यायचा तेव्हा मी बघायचो, लंगडतोय. मला फार नवल वाटायचं. जो गुडघा कधी दुखलाच नाही, तो इतकी वर्षं लंगडतो कसा?

मग एक दिवस त्याच्या बहिणीच्या मुलाने, गॅरेटने, मला शोधून काढलं. धूळ झटकली, नव्या वाद्या ओवल्या, तेल पाजलं. रोलीमामा खुर्चीत बसून त्याला शिकवू लागला: बॉलला पकडायला जाऊ नकोस, येऊ दे त्याला. मी पुन्हा ठप्प वाजू लागलो. मित्रांनो, त्या दिवसांत मी खरंच सुखी होतो.

गेल्या वर्षी गॅरेटलाही एका कॉलेजने घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात त्यालाही चाचणीचं बोलावणं आलं. त्याची आई डार्लीन शाळेची बस चालवते, नियमाला पक्की. तिने कॉलेजात नियम बघणाऱ्या बाईंना फोन करकरून भंडावलं. मैदानावर, दुखापत झाल्यास संघ जबाबदार नाही, अशा कागदावर सही मागितली, तर तिने तो फोनवर त्या बाईंना शब्द न् शब्द वाचून दाखवला. मागे तीस पोरं रांगेत ताटकळली. त्या हो म्हणाल्या, मगच गॅरेटने पेन धरलं.

गॅरेट झकास खेळला. तेवढ्यात बॉल झेलून दुसऱ्या बेसकडे फेकायची पाळी आली आणि झेलतानाच माझी मुख्य वादी तुटली. बॉल माझ्यातून आरपार गेला. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. खेळाडू हेरायला आलेले डेलेनी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी गाडीतून कोरा ग्लोव्ह काढून दिला. पुन्हा फोन झाला. बाई म्हणाल्या, आज वापरायला चालेल, पण निघताना परत करायचा. मी बाकावर पडून बघत राहिलो. कशाला खोटं बोलू, तो माझ्यापेक्षा छान वाजत होता.

संध्याकाळी डार्लीन गाडी आणायला गेली आणि सोबत आलेला रोलीमामा गॅरेटपाशी थांबला. गॅरेटने ग्लोव्ह पुढे केला तर डेलेनी हसले. "राहू दे तुलाच. कोण बघतंय?"

गॅरेटचा हात मागे आला. मी त्याच्या काखेत होतो. "मामा, एका ग्लोव्हने काय होतंय? मी पैसे थोडेच घेतोय?" तो म्हणाला.

रोलीमामाने एकदा गाडीच्या दिशेने बघितलं. बहीण अजून लांब होती. मग तो म्हणाला, "माझा गुडघा कधीच दुखला नव्हता, गॅरेट. मीसुद्धा पैसे घेतले नव्हते. एका कागदावर सही केली, तीन डाव खेळलो आणि कॉलेजने मला काढलं. घरी खोटं बोललो. परत कर तो."

डेलेनींनी ग्लोव्ह घेतला. वर म्हणाले, कॉलेज संपलं की ये, आम्ही इथेच आहोत.

घरी जाताना रोलीमामाने हेच बहिणीलाही सांगितलं. डार्लीनने गाडी रस्त्याच्या कडेला, मक्याच्या शेताशी थांबवली. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं मी तुझ्या गुडघ्याला शेकायची पिशवी आणून देतेय रे, रोली." तो म्हणाला, माहीत आहे. मग ती रडली आणि त्याच्या त्या गुडघ्यावर एक चापट मारली.

गॅरेट कॉलेजात गेला. पहिल्याच आठवड्यात कॉलेजने त्याला नवा ग्लोव्ह दिला. डेलेनींच्या गाडीत होता अगदी तसाच. एकाने दिला तर हौशीपणा जातो आणि दुसऱ्याने दिला तर मान वाढतो, हे असं का, ते मला अजून उमगलेलं नाही. कोणाला कळलं तर मला जरूर सांगा.

मित्रांनो, ग्लोव्ह असेल तर त्याला वेळेवर तेल द्या आणि वाद्या तपासा. आणि रोलीमामासारखं काही तुमच्या पोटात असेल तर जवळच्या माणसाला सांगून टाका. इतकी वर्षं खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी चामड्याचा, माझा नाइलाज होता.