टायमर वाजेपर्यंत

मी माझ्या सात वर्षांच्या रेवाला एकटीने रमायला शिकवलं, आणि ती शिकली. शिकवण्यात मी कधी कमी पडत नाही. आग लागो त्या हुशारीला.

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीतल्या आया मुलांच्या हातात मोबाइल देऊन मोकळ्या होतात. मी नाही दिला. रोज चार ते पाच रेवा तिच्या खोलीत, दार बंद, सोबतीला रंग आणि पुस्तकं. टायमर वाजेपर्यंत हाक मारायची नाही. मी त्याला ‘एकांत’ म्हणायचे. चार ते पाच माझी ऑफिसची मीटिंगही असायची, हे मात्र कुणाला सांगत नव्हते.

कर्नाळ्याकडच्या वाडीवरून कामाला येणाऱ्या दिपाने पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, पोरीला कोंडलीय कशाला तुमी?”

“कोंडलं नाही गं. एकांत म्हणतात त्याला.”

“आमच्यात कोंबड्या कोंडतात. पोरां नाय.”

गाढवाला गुळाची चव काय, म्हटलं मनात.

परवा साडेचारला खोलीत धप्पकन काहीतरी पडलं. लादी पुसणारी दिपा उठली. “बघू का, ताई?”

मी माइक बंद करून म्हटलं, “दार उघडू नकोस. सवय मोडते तिची.”

पाचला टायमर वाजला. रेवा बाहेर आली ती डावा हात उजव्या हातात धरून. मनगट वाकडं झालेलं. खिडकीतून विमान बघायला टेबलावर चढली होती.

“हाक का नाही मारलीस?” मी ओरडलेच.

“टायमर कुठे वाजला होता?”

दिपाने कडेवर घेतलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली, दिपाच्या खांद्यावर. लाज वाटण्याआधी मला ते झोंबलं, हेही खरंच.

हॉस्पिटलात हाड बसवायचं होतं. नर्स म्हणाली, “आई आत थांबली तरी चालेल.”

“नको,” रेवा म्हणाली. “आई, तू बाहेर बस. मला राहता येतं.”

“किती शहाणी आहे हो मुलगी!” नर्सने कौतुकाने दार लावून घेतलं.

मी बाकड्यावर बसले. आपल्याकडे साधी ठेच लागली तरी तोंडून ‘आई गं’ येतं, म्हाताऱ्यांच्यासुद्धा. मी कान देऊन बसले होते. आतून रेवा किंचाळली. नुसतीच किंचाळली.