आप्पासोंच्या घड्याळातला दोन आणे उजेड

दर वर्षी ऊस तुटला की माण तालुक्यातला धनगर कोंडीबा आपली तीनशे मेंढरं घेऊन पलूसला यायचा आणि आप्पासोंच्या रानात खतासाठी बसवायचा. मेंढरं बसली की ही दोघं घोंगड्यात शिरायची. भर दुपारी. दोन म्हातारी माणसं एका घोंगड्याखाली डोकी घालून बसलेली पाहून पलूसमध्ये कुणाला काही वाटत नसे. ती घड्याळ बघत असायची.

घड्याळ स्विस होतं, अंधारात काटे चमकणारं. आप्पासो मिलिटरीत जीप चालवत, तेव्हा कर्नलसाहेबांनी निवृत्त होताना ते मनगटावरनं उतरवून त्यांना दिलं आणि म्हणाले, "इसका उजाला कभी नहीं मरेगा." चाळीस वर्षं आप्पासो ही गोष्ट थोडी थोडी वाढवत आले होते. आता तिच्यात अख्खी पलटण त्या काट्यांच्या उजेडात नकाशा वाचायची आणि एक नदीही ओलांडायची.

यंदा मात्र घोंगड्यातनं कोंडीबाचा आवाज आला, "आप्पा, घड्याळ मेलं की ओ."

"टिकटिक ऐकू येती न्हवं?"

"जीव हाय. उजेड गेला."

आप्पासोंना घाम फुटला. कोंडीबा म्हणजे चालतं वर्तमानपत्र. पलूसपासून दहिवडीपर्यंत प्रत्येक मुक्कामाला बातम्या टाकत जायचा. मागच्या साली एका सरपंचाची कवळी विहिरीत पडली, ती वर निघायच्या आत बातमी दहिवडीला पोचली होती. आता साहेबांचा शब्द खोटा आणि आप्पासोंची नदी कोरडी, हे चाळीस गावांना कळणार होतं.

"कुटं बोलू नगंस रं."

"मी कशाला बोलतोय?" कोंडीबा म्हणाला. म्हणजे बोलणार होता.

कोंडीबाची मेंढरं अजून दोन महिने आसपासच्या रानांत फिरणार होती. तेवढीच मुदत. आप्पासोंनी सुनेला, राजनंदिनीला, गाठलं. ती कॉलेजात विज्ञान शिकवायची. तिनं घड्याळ उलटंपालटं केलं, आकड्यांवरचा पिवळट पडलेला रंग बघितला.

"मामा, हा रंग किरणोत्सारी आहे. त्याचा उजेड दर बारा वर्षांनी निम्मा होतो. चाळीस वर्षांत तीनदा झाला. आठवा हिस्साही धड उरला नसेल."

"आठवा म्हंजे दोन आणे. हाय म्हंजे!"

"आहे, पण डोळ्याला दिसणार नाही."

"मग खोट डोळ्यात हाय," आप्पासो म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास?"

"घड्याळाचा."

डॉक्टरांनी बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून तयार. घरच्यांचं आठ वर्षं हातापाया पडून झालं होतं, पण पलूसला धुकं वाढलंय, असं आप्पासोंचं ठाम मत होतं. आता त्यांनी स्वतः दोन्ही डोळे लागोपाठ करून घेतले. घरात पेढे वाटले.

निघायच्या आदल्या दिवशी कोंडीबा आला. दोघं घोंगड्यात शिरले. आप्पासोंनी नव्या डोळ्यांनी रोखून बघितलं. इतका स्वच्छ अंधार त्यांनी आठ वर्षांत पाहिला नव्हता.

"दिसतंय का आप्पा?"

आप्पासोंच्या डोळ्यांपुढनं चाळीस गावं सरकली.

"लय झ्याक. सव्वातीन."

कोंडीबा डोळे चोळत म्हणाला, "मला न्हाई दिसत. माजं डोळं गेलं, आप्पा. आता मेंढरं कशी मोजू?"

दुसऱ्या दिवशी मेंढरं पोरावर सोपवून कोंडीबा मिरजेला, त्याच डॉक्टरांकडे. सोबत आप्पासो, कारण रस्ता त्यांना माहीत होता. बाकावर बसून कोंडीबा विचारत होता, "कापत्यात म्हंजे किती कापत्यात?" आप्पासो छताकडे बघत होते. इतक्यात सिस्टर थेंबांची बाटली घेऊन आली आणि आप्पासो ताडकन उठले.

"थांबा! मला दिसलं न्हवतं!"

सिस्टरनं कागद बघितला. "ऑपरेशन झालेले आजोबा ना? बसा." आणि पहिल्यांदा त्यांच्याच डोळ्यांत थेंब टाकले.

"आवं, मला सगळं दिसतंय! घड्याळ मेलंय! कोंडीबा, मी खोटं बोललो रं. साहेबाचा उजेड गेला. ती नदीबी मी कदी वलांडली न्हाई. चल घरला."

कोंडीबानं विचारलं, "नदीबी न्हाई?"

"न्हाई."

"बरं. पर आता नंबर आलाय," म्हणून तो आत गेला.

बाहेर आला तो छाती काढून. परतीच्या एसटीत अक्षर बोलला नाही. आप्पासोंना वाटलं, बातमी जुळवतोय. त्याच संध्याकाळी त्याची मेंढरं हलली. आप्पासो पंधरा दिवस धड जेवले नाहीत. शेवटी न राहवून त्यांनी फोन लावला.

"कुटं हायस?"

"दहिवडीत. आवं आप्पा, लय गर्दी हाय हितं! डॉक्टर म्हणाला, ह्ये डोळं ईस वर्साच्या पोराचं हायती. चाळीस गावांनी बघून घेतलं. एका मास्तरनं तर लांबनं पेपर वाचायला लावला. मला वाचता येत न्हाई, पर अक्षरं समदी मोजून दावली."

"आन घड्याळाचं काय सांगितलंस?"

"कंचं घड्याळ?"

आप्पासोंनी सुटकेचा श्वास सोडला. फोन ठेवला. मग त्यांना हळूहळू राग यायला लागला.